शिकारीला निघण्याआधी : काडतूस एकेक करून बघा

सदर : निघण्याआधी

काडतूस म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना थेट शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवतं. १८५७, बराकपूर, मंगल पांडे आणि चरबी लावलेली काडतुसं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न! त्यानंतर काडतुसाचा आणि आपला संबंध संपतो तो संपतोच. घरात कुणी सैन्यात किंवा पोलिसात असेल, नाहीतर कॉलेजात एनसीसी केली असेल, तरच पुन्हा भेट.

मग ‘निघण्याआधी’ या आपल्या सदरात काडतुसाचं काय काम? या सदरात आपण प्रवासाला निघण्याआधी काय काय तपासायचं ते बघतो. या वेळचा विषय एका वाचक ताईंच्या मेलमुळे आला. ताई मूळच्या इंदूरच्या, आता अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतात. त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलाला मित्राच्या आजोबांनी नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीला बोलावलंय. मुलगा जायचं म्हणून हटून बसलाय. बाबा ‘बघू’ म्हणतात. इंदूरची आजी रोज व्हिडिओ कॉलवर विचारते, “अरे, हरणाला मारायचं?”

ताईंनी लिहिलंय, “तो जाईल की नाही ते आम्ही घरात ठरवू. पण गेलाच तर बंदूक-काडतुसाबद्दल मी त्या आजोबांना नेमकं काय विचारू? मला तर काडतुसाची कुठली बाजू पुढे असते तेही धड माहीत नाही.”

ताई, प्रश्न अगदी योग्य आहे. मुलगा कुणाच्या गाडीतून जाणार असेल तर ड्रायव्हर कसा आहे हे आपण विचारतोच ना? मग हेही विचारायला हवं. आणि इथे भारतात बसून वाचणाऱ्या सगळ्यांसाठीही यात कामाचं बरंच आहे. विमानतळावरची एक गोष्ट तर नक्कीच. ती शेवटाकडे सांगते.

आधी कायद्याचं

भारतात ‘शिकारीची ट्रिप’ नावाचा प्रकार आता नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा ठरला. त्यामुळे पुढचं सगळं वाचून इथे कुणी आजोबांची जुनी बंदूक माळ्यावरून काढू नये!

विस्कॉन्सिनमध्ये मात्र हरणाची शिकार कायदेशीर आहे आणि जवळजवळ सणासारखी साजरी होते. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो आणि परंपरेने तो नऊ दिवस चालतो. आजोबा, मुलगा, नातू अशा तीन पिढ्या एकत्र जंगलात जातात. परवाना लागतो, भडक केशरी किंवा गुलाबी कपडे लागतात. ज्यांचा जन्म १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर झालाय त्यांना शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. कोर्स केला नसेल तर जाणत्या माणसाच्या हाताच्या अंतरावर राहूनच शिकार करता येते.

म्हणजे, ताई, तुमचा पहिला प्रश्न हा : “आमच्या मुलाचा कोर्स होणार का, की तो तुमच्या शेजारी बसणार?”

काडतुसाची ओळख

आपण सगळेच सरसकट ‘गोळी’ म्हणतो. पण गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक. पूर्ण काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची नळकांड्यासारखी पुंगळी, तिच्या बुडाशी मधोमध बसवलेली बटणासारखी छोटी टिकली म्हणजे प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी.

चाप ओढला की आतली सुई प्रायमरवर आपटते, ठिणगी पडते, दारू पेटते. तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. त्या क्षणी पितळेची पुंगळी किंचित फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, म्हणून वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येत नाही.

हा दाब किती असतो? हरणासाठी अमेरिकेत सर्रास वापरलं जाणारं एक काडतूस आहे, .३०८ विंचेस्टर. त्याच्या दाबाची ठरवून दिलेली कमाल मर्यादा आहे ६२,००० पीएसआय. आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर साधारण १५ पीएसआयवर शिट्टी मारतो. म्हणजे कुकरच्या चार हजार पट दाब, आणि तोही गालापासून वीतभर अंतरावर! कुकरची रिंग फाटलेली असेल तर आपण तो गॅसवर चढवत नाही. काडतूस तपासायचं ते याच कारणासाठी.

पहिली तपासणी : नाव जुळतंय का?

प्रत्येक काडतुसाच्या बुडावर प्रायमरभोवती बारीक अक्षरं कोरलेली असतात. त्यात बहुधा कंपनीचं नाव आणि काडतुसाचा प्रकार असतो. रायफलच्या नळीवरही प्रकार कोरलेला असतो. ही दोन नावं तंतोतंत जुळली पाहिजेत. ‘जवळपास तेच आहे’ चालत नाही.

गोंधळ होतो कारण ही नावं एका शिस्तीत ठेवलेली नाहीत. .३०८ विंचेस्टर १९५२ सालचं. त्यातला ३०८ म्हणजे गोळीची जाडी, ०.३०८ इंच. .३०-०६ स्प्रिंगफील्डमधला ०६ म्हणजे १९०६ हे वर्ष, कारण त्या वर्षी अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं. .३०-३० मधला दुसरा तीस म्हणजे मुळात त्यात भरायच्या दारूचं वजन. आणि .२७० विंचेस्टरची गोळी प्रत्यक्षात ०.२७७ इंचाची! एका नावात जाडी, दुसऱ्यात साल, तिसऱ्यात वजन. नुसत्या आकड्यावरून अंदाज बांधायला गेलात तर फसलातच.

.३०८ आणि .३०-०६ या दोन्हींत गोळी एकाच जाडीची, पण पुंगळ्या वेगवेगळ्या. एकाच कपाटात दोन्हींचे खोके शेजारी शेजारी असतात. औषधाच्या दुकानात नावातलं एक अक्षर बदललं तरी गोळी बदलते आणि आपण चष्मा लावून पट्टी वाचतो ना? तसंच हे.

दोन जोड्या तर खास बदनाम आहेत.

पहिली जोडी .२२३ रेमिंग्टन आणि .३०० ब्लॅकआउट. .३०० ब्लॅकआउटची पुंगळी .२२३ च्याच घराण्यातली पुंगळी आखूड करून बनवलेली आहे. दोन्ही एकाच मॅगझिनमध्ये बसतात. .३०० चं काडतूस चुकून .२२३ च्या रायफलमध्ये गेलं तर कधी कधी बोल्ट बंदही होतो. पण गोळी जाड आणि नळी अरुंद! चाप ओढला की गोळी पुढे जाऊ शकत नाही आणि रायफल हातात फुटते. ज्या घरात या दोन्ही रायफली असतात तिथे जाणते लोक मॅगझिनवर वेगवेगळ्या रंगाची पट्टी लावतात आणि एका वेळी एकच प्रकार टेबलावर काढतात.

दुसरी जोडी छर्ऱ्याच्या बंदुकीची : बारा बोर आणि वीस बोर. ‘बारा बोर’ हा शब्द आपल्याकडेही ओळखीचा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. वीस गोळ्या केल्या तर त्या लहान होतील, म्हणून वीस बोरची नळी अरुंद. आकडा मोठा, नळी लहान! आता वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या बंदुकीत टाकलं तर ते घरंगळत पुढे जाऊन नळीत अडकतं. बघणाऱ्याला चेंबर रिकामं दिसतं. तो वरून बारा बोरचं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. पुढचं सांगायला नको. म्हणूनच अमेरिकेत वीस बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची बनवतात. खिशात पिवळं काडतूस आणि हातात बारा बोरची बंदूक दिसली तर तिथेच थांबायचं.

गंमत अशी की हे अपघात बहुतेक वेळा दुकानात चुकीचं काडतूस घेतल्यामुळे होत नाहीत. ते खिशामुळे होतात. मागच्या वर्षीच्या जाकिटाच्या खिशात दोन काडतुसं राहिलेली असतात, या वर्षी रायफल वेगळी असते. म्हणून ताई, दुसरा प्रश्न : “जाकिटांचे सगळे खिसे रिकामे करून बघितले का?”

दुसरी तपासणी : उजेडात, एकेक

रायफलच्या काडतुसांच्या खोक्यात साधारणपणे वीस नग असतात. रायफल दूर ठेवायची. चांगल्या उजेडात टेबलावर कापड अंथरायचं आणि वीसही नग बाहेर काढायचे. तांदूळ निवडायला बसतो तितका निवांत वेळ द्यायचा. बघायचं काय?

* पितळेचा रंग. पितळ थोडं काळपट पडलं तर घाबरायचं कारण नाही. पण हिरवट थर, पांढरी पूड किंवा खड्डे दिसले तर ते काडतूस बाद. आपल्याकडे कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तशीच ही पितळेची खराबी. इथे मात्र ती पुंगळीची भिंत कमकुवत करते.

* चीर आणि पोचा. पुंगळीच्या मानेजवळ केसासारखी बारीक चीर असू शकते. खोलगट पोचा असेल तर काडतूस चेंबरमध्ये अडकतं. दोन्ही बाजूला काढा.

* उंची. सगळी काडतुसं बुडावर उभी करा आणि डोळे टेबलाच्या पातळीवर आणून बघा. एखादं बुटकं दिसलं तर त्याची गोळी आत दाबली गेली आहे. आतली जागा कमी झाली की दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. एकच काडतूस पुन्हा पुन्हा रायफलमध्ये भरून काढलं की असं होतं.

* गोळी हलते का? बोटांनी हळूच बघायचं. सैल असेल तर बाद.

* प्रायमर. बुडाशी सपाट किंवा जरासा आत बसलेला हवा. बाहेर आलेला, तिरका किंवा आधीच ठसा उमटलेला असेल तर ते काडतूस वापरायचं नाही.

* तेल. बंदूक साफ करताना वापरलेलं तेल किंवा स्प्रे काडतुसावर लागू द्यायचा नाही. पातळ तेल प्रायमरच्या फटीतून आत झिरपलं की काडतूस मुकं होतं. काडतूस पुसायचं ते कोरड्या फडक्याने.

अमेरिकेत बरेच हौशी शिकारी रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून घरीच काडतुसं बनवतात. ती ज्याच्या रायफलसाठी बनवली, त्याच रायफलसाठी असतात. दुसऱ्याने भरलेली काडतुसं आपल्या बंदुकीत घालायची नाहीत, तो कितीही अनुभवी असला तरी. लोणच्याच्या बाबतीत शेजारणीच्या हातावर भरवसा ठेवावा, इथे नको.

बाद काडतुसं केराच्या डब्यात टाकायची नाहीत, फोडून बघायची नाहीत, आगीत तर अजिबात नाही. वेगळ्या डब्यात, वर नाव लिहून ठेवायची आणि बंदुकीच्या दुकानात, रेंजवर किंवा स्थानिक पोलिसांना विचारून त्यांच्याकडे द्यायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : ‘बसतंय का बघू’ म्हणून घरात खरं काडतूस रायफलमध्ये भरून बघायचं नाही. ते काम रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. घरी सराव करायचा असेल तर नकली काडतुसं मिळतात, ज्यात दारूही नसते आणि जिवंत प्रायमरही.

तिसरी तपासणी : एक तोळ्याची गोळी

खोक्यावर आणखी एक आकडा असतो. १५० ग्रेन, १६५ ग्रेन, १८० ग्रेन. हे गोळीचं वजन. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा; साधारण ६५ मिलिग्रॅम.

इथे आपल्या ओळखीचं काहीतरी सापडतं. ब्रिटिशांनी १८३३ साली तोळ्याचं वजन पक्कं केलं ते बरोबर १८० ग्रेन. म्हणजे १८० ग्रेनची गोळी म्हणजे नेमका एक जुना तोळा! सोनाराकडे आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा चालायचा. त्या हिशोबाने १५० ग्रेनची गोळी झाली दहा मासे.

हे दोन माशांचं अंतर शिकारीत महत्त्वाचं ठरतं. रायफलच्या दुर्बिणीचा नेम एका ठरावीक काडतुसावर बसवलेला असतो. त्याला ‘झीरो’ करणं म्हणतात. बहुधा १०० यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर कागदी लक्ष्य लावून तीन-तीन गोळ्या झाडून तो बसवतात. मग गोळीचं वजन बदललं, कंपनी बदलली, की गोळी दुसरीकडेच लागते. गेल्या वर्षी १५० ग्रेनवर झीरो केलेली रायफल या वर्षी १८० ग्रेन घालून तशीच जंगलात नेली, तर नेम छातीवर धरूनही गोळी भलतीकडे जाऊ शकते.

आणि मग होतं ते सगळ्यात वाईट. हरीण मरत नाही, जखमी होतं आणि झाडीत पळून जातं. तिथे ते तासन् तास तडफडतं. कायद्याने शिकार मान्य असलेल्या ठिकाणीही चांगला शिकारी याला मोठं पाप मानतो. इंदूरच्या आजींचा प्रश्न म्हणूनच मला बाजूला सारावासा वाटत नाही. हरणाला मारायचं की नाही हे प्रत्येक घर आपापल्या संस्काराने ठरवेल. पण जो मारायला निघालाय, त्याच्यावर निदान वेदना न वाढवण्याची जबाबदारी आहे, आणि ती या खोक्यावरच्या आकड्यापासून सुरू होते.

नेमबाजीच्या खेळातही हीच शिस्त दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. या प्रकारात पॉइंट टू-टू बोरची रायफल असते. वरच्या दर्जाचे नेमबाज एकाच कंपनीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून झाडून बघतात आणि जो लॉट सर्वांत जवळजवळ छिद्रं पाडतो त्याचाच साठा घेतात. नाव तेच, कारखाना तोच, तरीही लॉट बदलला की फरक पडतो!

म्हणून तिसरा प्रश्न : “ज्या काडतुसांवर रायफल झीरो केलीय, तीच बरोबर नेताय ना?”

जंगलात नुसतं ‘खट्’ वाजलं तर?

सगळं तपासूनही एखादं काडतूस दगा देऊ शकतं. अशा वेळी काय करायचं हे मुलाला आधीच तोंडपाठ हवं.

चाप ओढला आणि नुसतं ‘खट्’ वाजलं, तर रायफल खाली घ्यायची नाही, नळीत डोकवायचं नाही, बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळी सुरक्षित दिशेलाच धरून थांबायचं. किमान ३० सेकंद; बरेच जण पूर्ण एक मिनिट मोजतात. कारण कधी कधी दारू उशिरा पेटते. तेवढा वेळ गेल्यावरच काडतूस बाहेर काढायचं. ते पुन्हा वापरायचं नाही.

दुसरा प्रकार जास्त फसवा. ‘धडाम’च्या ऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज येतो, धक्काही कमी लागतो. अशा वेळी गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी गोळी झाडली तर नळी फाटते. आवाज वेगळा वाटला की थांबायचं, रायफल रिकामी करायची आणि नळी आरपार मोकळी आहे याची खात्री होईपर्यंत त्या दिवसाची शिकार बंद. समोर कितीही मोठं हरीण उभं असलं तरी! बर्फ किंवा चिखल नळीच्या तोंडात गेला तरी हाच नियम.

विस्कॉन्सिनची थंडीही लक्षात घ्यायला हवी. थंडीतून गरम खोलीत आलं की चष्म्यावर जशी वाफ धरते, तशी ती धातूवरही धरते. त्यामुळे काडतुसं बंद खोक्यातच आत आणायची, खोलीच्या तापमानाला आल्यावर खोकं उघडायचं. आणि गाडीत रायफल रिकामीच ठेवायची.

मोजून न्या, मोजून आणा

एनसीसी केलेल्या कुणालाही विचारा. फायरिंग झाल्यावर रिकाम्या पुंगळ्या शोधून, मोजून परत द्याव्या लागतात. एक कमी पडली तर सगळे कॅडेट गवतात वाकून शोधतात. तेव्हा कंटाळा येतो, पण हिशोबाची ही सवय सोन्यासारखी आहे. वीस नेली, दोन झाडली, अठरा परत. आकडा जुळला नाही तर खिसे, पिशव्या, गाडीच्या सीटखाली, सगळं बघायचं.

मोजण्यावरून जिम कॉर्बेटची आठवण येते. कुमाऊंच्या डोंगरात चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसं मारल्याची नोंद होती. १९०७ साली कॉर्बेटने तिला गाठलं, तेव्हा त्याने बरोबर फक्त तीन काडतुसं घेतली होती. ती संपली तेव्हा जखमी वाघीण समोर होती. त्याने धावत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक मागून आणली. तिच्या नळ्यांचा सांधाच सैल होता! झाडलेली गोळी नेम धरला तिथे लागलीच नाही, पंजाला लागली. वाघीण पडली ती आधीच्या जखमांनी. जगातल्या नावाजलेल्या शिकाऱ्याची ही गोष्ट त्याने स्वतःच आपल्या १९४४ च्या पुस्तकात लपवाछपवी न करता लिहिली आहे. पुढे तोच कॉर्बेट वाघ वाचवण्यासाठी झटला आणि आज त्याच्या नावाचं राष्ट्रीय उद्यान आपल्या उत्तराखंडात आहे.

ताटात येणारं शिसं

ताई, हा मुद्दा घरातल्या सगळ्यांसाठी. मुलगा शिकारीहून परतला की शेजारी प्रेमाने हरणाचं मांस पाठवतील. पुष्कळशा गोळ्यांमध्ये शिसं असतं आणि हाडावर आपटल्यावर त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात पसरतात. २००८ साली नॉर्थ डकोटा राज्यात दान म्हणून आलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडल्यावर तो वाटू नका, असं तिथल्या आरोग्य विभागाने सांगितलं होतं. लहान मुलं आणि गर्भवतींसाठी शिसं फार वाईट. कॅलिफोर्नियाने तर १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली. पर्याय म्हणून तांब्याच्या गोळ्या मिळतात. फक्त त्या वापरायच्या तर रायफल पुन्हा झीरो करावी लागते.

चौथा प्रश्न सोपा आहे : “गोळी शिशाची आहे की तांब्याची?”

व्हिसा आणि विमानतळ

हे दोन मुद्दे वाचल्याशिवाय पान बंद करू नका.

अमेरिकेत एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असणाऱ्यांना संघीय कायद्यानुसार बंदूकच नाही, तर काडतूस बाळगायलाही मनाई आहे. याला काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे राज्याचा वैध शिकारीचा परवाना. म्हणजे आधी परवाना, मगच काडतुसाला हात. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. तुमच्या कागदपत्रांबद्दल जराही शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारूनच पुढे जा. एका वीकेंडसाठी व्हिसा धोक्यात घालण्यात काही अर्थ नाही.

दुसरा मुद्दा विमानतळाचा. भारतात परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस जरी सामानात सापडलं तरी शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. अशी कितीतरी प्रकरणं कोर्टात गेली आहेत. बऱ्याचदा माणूस निर्दोष असतो. बॅग काकांची असते, काका फौजेत असतात आणि आतल्या चोरखिशात वर्षानुवर्षं एक काडतूस पडलेलं असतं. कोर्ट सोडतंही, पण तोवर विमान चुकतं, पोलीस ठाणं होतं, वकील होतो. म्हणून कुणाचीही जुनी बॅग, सॅक किंवा जाकीट प्रवासाला घेताना प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. शिकारीला नेलेली सॅक तर भारतात येताना आणूच नका. रिकाम्या पुंगळीची कीचेनसुद्धा तिकडेच राहू द्या.

आजोबांकडे गेल्यावर

ताई, हे सगळे प्रश्न फोनवर विचारू नका. एखाद्या शनिवारी चहाच्या वेळी मुलाला घेऊन त्या आजोबांकडे जा. त्यांना म्हणा, “आम्हाला यातलं काही कळत नाही, आमच्यासमोर काडतुसं तपासून दाखवाल का?” रायफल रिकामी असल्याचं ते स्वतःहून आधी दाखवतात का, बघा. मग तुमच्या मुलाला काडतुसाच्या बुडावरचं नाव मोठ्याने वाचायला सांगा आणि आजोबांना नळीवरचं. दोन्ही नावं तुमच्या कानावर पडू द्यात. तुम्हाला रायफलमधलं काही कळायची गरज नाही, दोन नावं सारखी आहेत की नाहीत एवढं कुठल्याही आईला कळतं.

खरा काळजी घेणारा शिकारी अशा प्रश्नांनी खूश होतो. खोकं काढून बसेल, नातवाला बोलावेल, तासभर बोलत राहील. आणि “अहो, चाळीस वर्षं करतोय, काही होत नाही” असं म्हणून विषय बदलला, तर मुलाला यंदा घरी ठेवा. तो चार दिवस रुसेल. रुसू द्या.